एलडीएल किती, आणि किती वर्षे?

14 फेब्रुवारी 1984 रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात सहा वर्षांच्या एका मुलीवर हृदय आणि यकृत या दोन्ही अवयवांचे प्रत्यारोपण एकाच वेळी झाले. जगातली ही अशी पहिलीच शस्त्रक्रिया. डॉ. थॉमस स्टार्झल यांच्या पथकाने ती केली आणि स्टॉर्मी जोन्स हे त्या मुलीचे नाव वैद्यकाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. टेक्सासमधल्या या मुलीला त्याआधीच हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, बायपासही करावी लागली होती. तिच्या रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल 988 होते. हे माप मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरचे, आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टवर छापलेले असते तेच. या लेखातले पुढचे आकडेही त्याच मापातले आहेत. प्रत्यारोपणानंतर दहा आठवड्यांत तिचे एलडीएल 184 वर आले.

निकामी झालेले हृदय बदलले, हे सहज समजते. पण यकृत कशासाठी?

कोलेस्टेरॉल शरीराला लागतेच. पेशींची आवरणे, पित्तरस, ड जीवनसत्त्व, स्त्री-पुरुषांची संप्रेरके या सगळ्यांसाठी ते हवे असते आणि यकृत ते स्वतः तयार करते. जेवणातून येणारा वाटा त्या मानाने लहान असतो. चरबी रक्तात विरघळत नाही, म्हणून ती प्रथिनांच्या वेष्टनात बांधून शरीरभर पाठवली जाते. एलडीएल हे अशाच कणांचे नाव. रक्तात फिरणारे हे कण परत उचलून घेण्याचे कामही मुख्यतः यकृताचे असते आणि त्यासाठी त्याच्या पेशींवर खास रिसेप्टर असतात. डॅलसमधल्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघा डॉक्टरांनी 1970च्या दशकात ते शोधून काढले आणि 1985 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॉर्मीला आई आणि वडील दोघांकडूनही या रिसेप्टरचे सदोष जनुक आले होते. तिचे यकृत एलडीएल उचलू शकत नव्हते; दात्याचे निरोगी यकृत बसताच ते काम सुरू झाले.

सहा वर्षांच्या मुलीने ना सिगारेट ओढलेली असते, ना कचेरीतला ताण सोसलेला असतो. एलडीएल अतोनात वाढले तर ते एकटेच हृदयाच्या रक्तवाहिन्या बंद पाडू शकते, याचा याहून सरळ पुरावा मिळणे अवघड आहे. ‘कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांनी उठवलेले खूळ आहे’ असे ठासून सांगणारे व्हिडिओ आज मोबाइलवर फिरत असतात. ते पाहून गोळ्या बंद करणाऱ्यांनी ही हकिकत आधी वाचावी.

आपल्यापैकी बहुतेकांचे एलडीएल 988 नसते, 110, 130, 160 असे काहीतरी असते. अशा आकड्यांना तेच नुकसान करायला काही दशके लागतात आणि मधुमेह, रक्तदाब, तंबाखू असे साथीदार लागतात. म्हणून लिपिड प्रोफाइलचा कागद हातात आल्यावर एलडीएल किती आहे, एवढे पाहून भागत नाही. ते किती वर्षांपासून तसे आहे आणि कोणाच्या शरीरात आहे, हेही त्याच वेळी विचारावे लागते. नेमके हेच दोन प्रश्न घरोघरी राहून जातात.

आधी वर्षांचे पाहू. एलडीएलचे कण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून आत शिरतात, तिथे अडकतात, त्यांच्यात रासायनिक बदल होतात, मग त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि चरबीने फुगून तिथेच बसतात. वर्षानुवर्षे हे चालू राहिले की भिंतीत थर तयार होतो. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकांत या विकाराला रोहिणीकाठिण्य म्हटले आहे. एखाद्या दिवशी हा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि रक्तवाहिनी काही मिनिटांत बंद होते. फुटणारा थर मोठाच असतो असे नाही. बऱ्याचदा तो निम्मीशिम्मी वाटही अडवत नसतो. त्यामुळे ट्रेडमिलवरची तपासणी व्यवस्थित आलेल्या माणसाला थोड्याच दिवसांत झटका येतो आणि नातेवाईक हतबुद्ध होतात. ती तपासणी चुकलेली नसते. पळताना हृदयाला रक्त कमी पडते का, एवढेच ती सांगते. भिंतीत काय साचले आहे, हे ती सांगू शकत नाही.

ही साठवण फार लवकर सुरू होते. कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय 22 होते. धडधाकट, कवायतीतून तयार झालेले तरुण. तरीही त्यांच्यापैकी 77 टक्क्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रोगाच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसल्या. पन्नाशीत येणाऱ्या झटक्याची तयारी विशीत चालू असते, ती अशी.

याच्या उलट बाजूचा पुरावा 2006 मध्ये समोर आला आणि तो तितकाच बोलका आहे. डॅलसच्याच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी पीसीएसके-9 या जनुकाचा अभ्यास केला. काही कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांत या जनुकात असा बदल असतो, की त्यामुळे एलडीएल जन्मापासूनच कमी राहते. इतरांपेक्षा ते फक्त 28 टक्क्यांनी कमी होते. पण 15 वर्षांच्या पाहणीत या लोकांमधले हृदयविकाराचे प्रमाण 88 टक्क्यांनी कमी निघाले. आता हे गोळ्यांच्या परिणामाशी ताडून पाहावे. स्टॅटिन औषधांच्या मोठ्या चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की एलडीएल साधारण 39ने उतरवले तर चार-पाच वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघाताचे गंभीर प्रसंग सुमारे 22 टक्क्यांनी घटतात. साठीत सुरू केलेल्या उपचाराचाही फायदा होतोच, पण जन्मापासून थोडे कमी असलेले एलडीएल त्याहून कितीतरी अधिक वाचवते. सावकाराच्या कर्जासारखे हे आहे: मुद्दल लहान असले तरी वर्षे वाढत गेली की व्याज अंगावर येते.

‘अजून तिशीच तर आहे, नंतर बघू’ हे म्हणूनच महागात पडते.

आता ते कोणाच्या शरीरात आहे, हे पाहू. बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात 1948 मध्ये 5,209 स्त्री-पुरुषांची दीर्घकाळ पाहणी सुरू झाली. विल्यम कॅनल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये तिचे जे निष्कर्ष मांडले, त्यांतून कोलेस्टेरॉल, रक्तदाब या गोष्टी वैद्यकात ‘रिस्क फॅक्टर’ म्हणून रूढ झाल्या. ही कारणे एकत्र आली की धोका नुसता बेरजेने वाढत नाही, एक दुसऱ्याला बळ देते. भारतीयांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे ठरते. केरळात जन्मलेले आणि कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी 53व्या वर्षी आलेला दिसला. इतरत्र हे वय 59च्या आसपास होते. कमावत्या माणसाची सहा वर्षे, मुलांच्या शिक्षणाच्या आणि घराच्या हप्त्यांच्या ऐन काळातली. ब्रिटनमधले डॉक्टर धोका मोजण्यासाठी जे गणिती साधन वापरतात, त्यातही रुग्ण भारतीय वंशाचा आहे का, ही वेगळी नोंद करावी लागते. लंडन-लेस्टरमधल्या मराठी कुटुंबांनी ती न चुकता करून घ्यावी.

रिपोर्ट वाचताना पहिली चूक होते ती उजवीकडच्या रकान्यात. लॅबने छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा सगळ्यांसाठी सारखी असते. एलडीएल 118 असलेली 28 वर्षांची निर्व्यसनी तरुणी आणि एलडीएल 118च असलेला, स्टेंट घातलेला 56 वर्षांचा मधुमेही गृहस्थ, दोघांच्याही कागदावर तो आकडा बऱ्याचदा साध्या अक्षरात येतो, ठळक होत नाही. तरुणीला गोळीची गरज नसते. आहार, व्यायाम आणि काही वर्षांनी पुन्हा तपासणी एवढे पुरते. त्या गृहस्थांसाठी मात्र 118 म्हणजे उपचार अपुरा पडत असल्याची खूण. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये भारतीयांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सर्वसाधारण माणसाचे एलडीएल 100च्या खाली असावे, मधुमेह किंवा उच्च रक्तदाबामुळे धोका जास्त असलेल्यांचे 70च्या खाली, आणि ज्यांना झटका, अंजायना किंवा पक्षाघात होऊन गेला आहे किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार आहे त्यांचे 55च्या खाली, असे त्या सांगतात. आपण यातल्या कोणत्या गटात बसतो, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारावे आणि उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. पुढच्या प्रत्येक रिपोर्टची तुलना त्या आकड्याशी करायची, छापील रकान्याशी करायची नाही.

दुसरी गोष्ट अनेकांना माहीतच नसते. ती घरी, पेन्सिलीने करता येते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ म्हणून ओळखले जाणारे कोलेस्टेरॉल, वजा करावे. जे उरते ते नॉन-एचडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांना घातक असे सगळे कण एकत्र धरून आलेला आकडा. समजा, एखाद्याचे एकूण कोलेस्टेरॉल 190, एचडीएल 38 आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातल्या चरबीचा दुसरा प्रकार, 210 आहेत. अनेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूणातून एचडीएल वजा, शिवाय ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा. इथे ते 110 येते. एकूण 200च्या आत, एलडीएलही फारसे वाईट नाही, म्हणून कागद कपाटात जातो. पण नॉन-एचडीएल 152 आहे. सर्वसाधारण माणसाचे ते 130च्या खाली असायला हवे, धोका जास्त असलेल्याचे 100च्या आणि अतिशय जास्त असलेल्याचे 85च्या खाली. कंबर सुटलेली, ट्रायग्लिसराइड्स वाढलेले, एचडीएल खाली गेलेले आणि एलडीएल दिसायला मध्यम, ही घडण भारतात जागोजागी आढळते आणि ती पकडायला नॉन-एचडीएल फार उपयोगी पडते. ट्रायग्लिसराइड्स 400च्या वर असतील तर सूत्राने काढलेल्या एलडीएलवर विसंबू नये. तेव्हा थेट मोजणी करून घ्यावी.

लिपिड तपासणीसाठी उपाशीपोटी जाणे पहिल्या वेळी आवश्यक नाही, असेही कार्डिऑलॉजिकल सोसायटीच्या त्याच सूचनांत म्हटले आहे. ट्रायग्लिसराइड्स खूप जास्त निघाले तर उपाशीपोटी पुन्हा तपासतात. ताप, शस्त्रक्रिया किंवा मोठे आजारपण नुकतेच होऊन गेले असेल तर एलडीएल तात्पुरते खाली जाते आणि गरोदरपणात ते वाढते. अशा दिवसांतल्या रिपोर्टवरून निर्णय घेऊ नये. एलडीएल एकाएकी वाढलेले दिसले तर थायरॉइडही तपासावे. थायरॉइड मंदावले असेल तर त्यावरच्या गोळीनेच एलडीएल बरेच खाली येते.

‘माझे चांगले कोलेस्टेरॉल भरपूर आहे, मला काय भीती?’ हा दिलासाही सोडून द्यावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत दोन तृतीयांश प्रौढांचे एचडीएल कमी आढळले, तेव्हा ते कमी असणे ही बिघडलेल्या चयापचयाची खूण आहे हे खरे. पण औषधाने ते वाढवून हृदय वाचत नाही. टॉरसेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल 72 टक्क्यांनी वाढवून दाखवले होते. सुमारे 15,000 रुग्णांवरची त्याची चाचणी डिसेंबर 2006 मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्येच मृत्यू जास्त होत होते. एचडीएलकडे लक्षण म्हणून पाहावे, ढाल म्हणून पाहू नये.

आणखी एक तपासणी आयुष्यात एकदा तरी प्रत्येकाने करावी. ती नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये नसते, वेगळी सांगावी लागते. तिचे नाव लायपोप्रोटीन (ए). हा एलडीएलसारखाच, पण अधिक उपद्रवी कण. त्याचे प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते आणि आहार-व्यायामाने ते हलत नाही. ते 50च्या वर असेल तर धोका वाढतो, आणि भारतात सुमारे चौघांतल्या एकाचे ते वाढलेले असते. बारीक, शाकाहारी, निर्व्यसनी माणसाला चाळिशीत झटका का आला, याचे उत्तर कधी कधी इथे सापडते. ते जास्त निघाले तर घाबरून उपयोग नाही. एलडीएल, रक्तदाब, साखर या हातातल्या गोष्टी अधिक काटेकोरपणे सांभाळायच्या आणि भावंडांची व मुलांची तपासणी करून घ्यायची, एवढे त्यातून ठरते.

खाण्याबद्दल बोलताना तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शब्दांपासून सुरुवात करावी. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असते. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, पाम, सगळीच तेले त्या अर्थाने कोलेस्टेरॉलमुक्त असतात. त्या शब्दांनी काहीही सिद्ध होत नाही. रक्तातले एलडीएल वाढवण्यात पदार्थातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा आणि ट्रान्स फॅटचा हात मोठा असतो, कारण त्यांच्यामुळे यकृताची एलडीएल उचलण्याची क्षमता घटते किंवा बिघडते. पामतेलात निम्मी चरबी संपृक्त असते, खोबरेल तेलात बहुतांश. करडईत ती दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून कोकणातल्या घरात आमटीला ओल्या नारळाचे थोडे वाटण असायला हरकत नाही, पण रोजची फोडणी खोबरेल तेलात नसावी. अंड्याचीही भीती फार मोठी केली गेली. बहुतेक निरोगी माणसांना दिवसाला एक अंडे चालते. मधुमेही आणि घराण्यात कोलेस्टेरॉलचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे.

वरणभातावरच्या चमचाभर तुपामुळे कोणाचे हृदय बंद पडत नाही. चमचाभर तुपात साधारण तीन ग्रॅम संपृक्त चरबी असते आणि 2000 कॅलरी खाणाऱ्याने दिवसभरात ती 20 ग्रॅमच्या आतच ठेवलेली बरी. हिशेब बिघडतो तो सकाळच्या चहाबरोबरची खारी, चारच्या सुमाराचा वडापाव, रात्रीचे पनीर आणि वर साय असे सगळे एकाच दिवसात आले की. खारी, नानकटाई, स्वस्त मिठाई यांत वनस्पती तूप असते आणि त्यातूनच आपल्याकडे ट्रान्स फॅट पोटात जायचे. जानेवारी 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आली, ही मोठीच सुधारणा आहे. पण वनस्पती तुपातली संपृक्त चरबी त्यामुळे कमी झालेली नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहारात 2000 कॅलरींच्या ताटासाठी दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चौघा प्रौढांच्या घरात महिन्याला सगळे मिळून सव्वातीन किलो. किराणा सामानाची यादी करताना हा आकडा समोर ठेवावा. पाच किलोचा डबा महिन्याच्या आत रिकामा होत असेल तर कात्री तिथेच लावायची.

कमी करण्याबरोबर काय वाढवायचे, याची उत्तरे मराठी स्वयंपाकघरात आधीपासून आहेत. मटकी, कुळीथ, वाल, राजमा यांतले विद्राव्य तंतू आतड्यात पित्तरस धरून ठेवतात. तो भरून काढायला यकृत रक्तातले एलडीएल उचलते. जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे किंवा बदाम, साल न काढता खाल्लेला पेरू, भरपूर भाजी. या सगळ्याने एलडीएल सहसा पाच-दहा टक्के उतरते, नेटाने केले तर त्याहून थोडे जास्त. भात, साखर, गोड पेये आणि दारू कमी केल्याचा परिणाम मुख्यतः ट्रायग्लिसराइड्सवर दिसतो आणि तो लवकर दिसतो. पण 160चे एलडीएल 70 वर आणणे आहाराला जमत नाही. लसूण, आले, लिंबू आणि व्हिनेगर उकळून केलेल्या काढ्याने ब्लॉकेज उघडतात, हा व्हॉट्सअॅपवरचा दावा तर सरळ खोटा आहे. काढ्यावर विसंबून अँजिओग्राफी टाळणे जिवावर बेतू शकते.

एलडीएल कितीही चांगले असले तरी तंबाखू चालू असेल तर वरचे सगळे आकडे निम्मे निरर्थक होतात. सिगारेट-बिडीचे धोके लोक मान्य करतात, चघळण्याच्या तंबाखूबद्दल मात्र ‘धूर तर नाही ना’ असे म्हणतात. इंटरहार्टमध्ये नुसती तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही झटक्याचे प्रमाण दुपटीहून थोडे जास्त आढळले. मळलेली तंबाखू, गुटखा, बायका दात घासायला वापरतात ती मशेरी, यांपैकी काहीही हृदयाला माफ नाही. तपासणीला जाताना मशेरीचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. डॉक्टरांनी विचारावे आणि घरच्यांनी सांगावे.

गोळ्यांचा विषय मोठा आहे. जपानमधले अकिरा एंडो यांनी 6,000 हून अधिक बुरशी तपासून 1970च्या दशकात पहिले स्टॅटिन शोधले. हे औषध यकृतातले कोलेस्टेरॉलचे उत्पादन कमी करते. मग यकृत आपल्या पेशींवरचे रिसेप्टर वाढवते आणि रक्तातले एलडीएल ओढून घेते. 1994 मध्ये स्कँडिनेव्हियातल्या 4,444 हृदयरुग्णांवरच्या चाचणीने सगळी शंका संपवली: सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांचे एकूण मृत्यूच 30 टक्क्यांनी घटले. आज अॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन सर्रास दिली जातात, जनऔषधी केंद्रांत ती स्वस्तात मिळतात, आणि दिवसातल्या कोणत्याही ठरावीक वेळी घेतली तरी चालतात. डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणून लक्ष्य गाठले जात नसेल तर डॉक्टर इझेटिमाइबसारखी दुसरी गोळी जोडतात. काही रुग्णांसाठी वर्षातून दोनदा घ्यायची इंजेक्शनेही आता उपलब्ध आहेत.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते पुढच्या वळणावर. तीन महिने गोळी घेतली, एलडीएल 150 वरून 80 वर आले, ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून गोळी बंद. काही आठवड्यांतच एलडीएल पुन्हा जुन्या जागी जाते, कारण यकृताची प्रकृती बदललेली नसते. रिपोर्ट चांगला आला तो गोळी चालू होती म्हणून. झटका किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी तर डॉक्टरांना न विचारता एक दिवसही ती सोडू नये.

स्नायू दुखतात, ही तक्रार खरी असते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पण लंडनमध्ये झालेला आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना वर्षभर आलटून पालटून काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे ठेवले गेले. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास नोंदला गेला, त्याच्या 90 टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही झाला. म्हणजे अंग दुखू लागले की गोळी परस्पर टाकून न देता डोस, प्रकार किंवा वेळ बदलून पाहण्यास पुष्कळ वाव असतो. लघवी गडद तपकिरी होऊन स्नायू फार दुखू लागले तर मात्र गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा. असे क्वचितच होते. साखर किंचित वाढू शकते, पण ज्यांना गोळी खरोखर लागते त्यांच्यासाठी फायद्याचे पारडे बरेच जड राहते. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे, या काळात गोळी सहसा थांबवतात.

चाळिशी-पन्नाशीतल्या ज्यांना ‘गोळी घ्यावी की नको’ हे ठरवता येत नाही, त्यांच्यासाठी सीटी स्कॅनवरचा कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचलेल्या कॅल्शियमचे माप, हा चांगला आधार आहे. शून्य आला तर पुढच्या काही वर्षांचा धोका कमी असतो आणि थांबून पाहता येते, अर्थात मधुमेह किंवा तंबाखू नसेल तर. शून्य नसेल तर साठवण सुरू झाली आहे, हे डोळ्यांना दिसते.

एलडीएल आटोक्यात असलेल्यालाही झटका येऊ शकतो, हे विसरू नये. अमेरिकेत 2000 ते 2006 या काळात हृदयविकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या 1,36,905 रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचे एलडीएल 100च्या खाली होते. त्यामुळे छातीवर दडपण, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणे, एकाएकी धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर ‘परवाच रिपोर्ट चांगला आला होता’ किंवा ‘अॅसिडिटी असेल’ म्हणून वेळ घालवू नये. स्त्रियांत आणि मधुमेहींत छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढेच दिसू शकते. महाराष्ट्रात 108 वर फोन करावा आणि ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात पोहोचावे. स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

राहता राहिले घर. स्टॉर्मीला दोघांकडून आले तसे सदोष जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेली माणसे साधारण 250 ते 300 जणांत एक असतात. त्यांचे एलडीएल तरुणपणीच 190च्या वर असते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. पापण्यांवर पिवळसर गाठी, टाचेमागच्या शिरेवर जाडी, पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढरे कडे, या त्याच्या बाहेरून दिसणाऱ्या खुणा. ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला 55च्या आत, आईला किंवा बहिणीला 65च्या आत हृदयविकार झाला, त्यांनी स्वतःची तपासणी याच महिन्यात करावी. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक मुला-मुलीची पहिली लिपिड तपासणी व्हायला हवी. घराण्यात असा इतिहास असेल तर अठराचीही वाट पाहू नये, बालरोगतज्ज्ञांना विचारून आधीच करून घ्यावी. कॉलेजच्या प्रवेशाची कागदपत्रे जमवताना तो एक रिपोर्टही काढून ठेवावा.